कॅरिबियन बोटीवर माधवच्या एकट्या सकाळी

ब्रॅकनेल, रविवार, ११ मार्च २००७

ऑक्टोबरनंतर या ब्लॉगवर काहीच लिहिलं नाही, त्याबद्दल माफ करा. काहींनी मेल करून विचारलं, काहींनी रागावूनही लिहिलं, आणि दोन्ही वाजवी होतं. लिहिण्यासारखं नव्हतं असं नाही. लिहावं का, हे ठरत नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये माधवला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, डिमेन्शिया असल्याचं निदान झालं. तो एक्कावन्न वर्षांचा आहे. आयुष्यभर इथल्या, इंग्लंडमधल्या कंपन्यांत सॉफ्टवेअर लिहिलं. आता घरी असतो. हा मजकूर छापण्याआधी मी त्याला वाचायला दिला. त्याने वाचला आणि ‘टाक’ म्हणाला. रात्री जेवणानंतर पुन्हा दिला, तर पहिल्यांदाच वाचल्यासारखा वाचून पुन्हा ‘टाक’ म्हणाला. ही दोनदा मिळालेली परवानगी की एकदाही न मिळालेली, हे मला सांगता येत नाही. तरी टाकते आहे.

क्रूझची कल्पना त्याचीच. मला वाटायचं, क्रूझ म्हणजे निवृत्त लोकांनी दिवसभर खाणं. तो म्हणाला, “आपण कुठे आहोत हे मला कळतंय तोवर जाऊ या. नंतर तू मला बागेत बसवून सांगितलंस की हे बार्बाडोस आहे, तरी चालेल.”

त्याच वेळी आमच्यात एक करार झाला. मी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. निदानानंतर रजेवर होते, आणि मार्चमध्ये परत येणार की नाही हे त्यांना कळवायचं होतं. माधवला दिवसभर घरी एकटं ठेवायला माझं मन तयार नव्हतं, आणि त्याच्यामुळे माझं काम सुटलं हे ऐकून घ्यायला तो तयार नव्हता. शेवटी तोच म्हणाला, “बोटीवर बघू. रोज सकाळी मी एकटा हिंडेन, कॉफी पिईन आणि आपल्या खोलीवर परत येईन. तू मागे यायचं नाहीस. जमलं तर तू लॅबला जायचं. नाही जमलं तर तू म्हणशील तसं.”

“हरवलास तर?”

“बोटीत हरवून किती हरवणार? फार तर समुद्रात.”

तो हसला. मला हसू आलं नाही, पण करार मान्य केला.

आता जाणाऱ्यांसाठी. लंडनच्या गॅटविक विमानतळावरून बार्बाडोसला चार्टर विमान जातं. एम-ट्वेंटीफाइव्ह मोटरवेवरून निघताना दुप्पट वेळ धरा. सामान एकदा विमानतळावर दिलं की थेट केबिनच्या दारात भेटतं, ही या प्रकारातली सर्वात सुखाची गोष्ट. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच सांगा आणि पहिल्या रात्री वेटरला पुन्हा सांगा, कारण माशाला शाकाहारी समजणारे लोक जगात पुष्कळ आहेत. लोणचं न्या. केबिन शक्यतो खिडकीची घ्या, आतल्या केबिनमध्ये दिवस की रात्र तेच कळत नाही. आम्ही खिडकीचीच घेतली. माधवच्या बाबतीत ती चैन नव्हती.

मला केबिनपेक्षा पॅसेजची जास्त धास्ती होती. एका रंगाचा गालिचा, एका रंगाच्या भिंती आणि दोन्ही बाजूंना तीच ती दारं, टोकापर्यंत. नुसत्या आकड्यावर माधवने अवलंबून राहू नये म्हणून मी लंडनमधल्या साउथहॉलच्या देशी दुकानातून आरसे लावलेलं केशरी तोरण आणलं होतं. पहिल्याच संध्याकाळी ते दारावर चिकटवलं. लाइफ जॅकेट घालून कवायत झाली, बोटीने भोंगा वाजवला, बंदर मागे पडलं. माधव कठड्याला टेकून म्हणाला, “छान दिसतंय. आता सतरा वेळा विचारू नकोस.”

पहिला मुक्काम ग्रेनाडा. सकाळी माधव एकटा बाहेर पडला. मी खिडकीशी बसून एकाच पानावर डोळे फिरवत होते. तो परत आला, कार्ड घातलं, दार उघडलं. “तोरण दिसलं,” एवढंच म्हणाला. मग आम्ही किनाऱ्यावर गेलो. बोटीच्या सहलीपेक्षा बंदराबाहेरची शेअर मिनीबस कितीतरी स्वस्त पडते, फक्त बसण्याआधी भाडं ठरवा. वादळात जायफळाची झाडं आडवी झाल्याचं ड्रायव्हर सांगत होता. नवीन लावली आहेत, पण फळ धरायला वर्षं लागतील. माधवने त्याला तोच प्रश्न तीनदा विचारला. ड्रायव्हरने तीनदा उत्तर दिलं, तिसऱ्यांदा आरशातून माझ्याकडे पाहत.

त्या संध्याकाळी दारावर टकटक झाली.

“तोरण बघितलं आणि ह्यांना म्हटलं, ही माणसं आपलीच!”

सुमनताई वानखेडे आणि त्यांच्यामागे वानखेडे साहेब. लंडनमधल्या ईलिंगचे, दोघंही निवृत्त, केबिन आमच्याच ओळीत थोडी पुढे. साहेबांनी ‘जय भीम’ म्हणत हात जोडले आणि लगेच म्हणाले, “ईलिंगमध्ये राहून मराठी माणूस भेटायला वेस्ट इंडीजला यावं लागलं बघा!” मला खरंच आनंद झाला. जेवायला ते आमच्या टेबलावर आले. साहेबांचं पंचशील कडक. समोर अख्खा बार आणि ते लिंबूपाणी पीत बसलेले, त्यावरून सुमनताई त्यांना छळत होत्या. माधवही खुलला. काही विचारलं आणि तो अडखळला की मी मधे उत्तर देत होते. हे मी किती सफाईने करते, याची मला त्या रात्री थोडी भीतीच वाटली. आमच्या समाजात बायको नवऱ्याच्या वतीने बोलली तर कोणाला काही वाटत नाही. कदाचित म्हणूनच आम्हाला आजार कळायला इतका उशीर झाला.

केबिनकडे परतताना सुमनताई तोरणाला हात लावून म्हणाल्या, “किती गोड आहे गं! आमचं दार अगदी भकास दिसतं.”

तोरणं जोडीने मिळाली होती, दुसरं बॅगेत होतं. कोणी आपल्या वस्तूचं असं कौतुक केलं की ‘घ्या ना तुम्हाला’ हे माझ्या तोंडून आपोआप निघतं. त्या नको म्हणाल्या, मी आग्रह केला. त्या पुन्हा नको म्हणाल्या, मी त्यांच्या हातातच दिलं. न द्यायचं कारण सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. पण खरं सांगायचं तर ते कारण त्या क्षणी माझ्या डोक्यातही आलं नाही. मी फक्त चांगली वागत होते.

दुसरा दिवस पूर्ण समुद्रात होता. माधव सकाळी बाहेर पडला. थोड्या वेळाने पॅसेजमधून दार बडवल्याचा आवाज आला आणि मग माझं नाव. “नीला! दार उघड! नीला!” मी धावले. वानखेड्यांच्या दारावर दुसरं तोरण होतं, दार उघडं होतं, सुमनताई गाउनमध्ये ओल्या केसांनी उभ्या होत्या आणि माधव त्यांच्यावर ओरडत होता.

“तू कोण? माझ्या खोलीत काय करतेस? नीला कुठे आहे?”

“माधवराव, अहो मी सुमन, काल जेवलो की आपण...”

वानखेडे साहेब आधी हसले. त्यांना थट्टा वाटली. मग त्यांनी माधवचा चेहरा पाहिला आणि बायकोच्या पुढे येऊन उभे राहिले.

माधवला केबिनमध्ये बसवून मी परत गेले आणि त्या दोघांना सगळं सांगितलं. सुमनताई रडल्या. “अगं, सांगायचंस ना! मी तोरणाला बोटसुद्धा लावलं नसतं.” त्यांनी ते काढून पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळून माझ्या हातात दिलं.

माधव शांत झाला होता. म्हणजे चिडला होता, पण नीट विचार करून.

“तू सांगितलंस तोरण शोध. मी तोरण शोधलं. सापडलं. चूक कोणाची?”

“माझी.”

“मग हे नापास धरायचं नाही. टेस्टच चुकीची होती.”

त्याचं बरोबर होतं. पण आदल्या रात्री ज्या बाईशी तो तासभर हसत बोलला, तिला त्याने ओळखलं नव्हतं, आणि ती काही तोरणाची चूक नव्हती. हे मी बोलले नाही. आमच्या दारावरचं तोरणही मी काढून टाकलं. त्याने केबिनचा आकडा तोंडाने पुटपुटत पाठ केला.

त्या रात्री टेबलावर वानखेडे साहेब माधवशी मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलू लागले. “माधवराव! भात! घेणार का?” प्रेमानेच. माधवने मला मराठीतच, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “हे ओरडतायत का? मी बहिरा आहे का?” साहेबांनी भाताचं भांडं खाली ठेवलं.

पुढे सेंट लुशिया. समुद्रातून सरळ वर आलेले दोन डोंगर फोटोत दिसतात त्यापेक्षा जास्त उदास आणि सुंदर आहेत. मग अँटिग्वा, मग डॉमिनिका, तिथे पाऊस आणि हिरवंगार. डॉमिनिकाला बळकट बूट न्या, धबधब्याची वाट निसरडी असते. डॉमिनिकाच्या धक्क्यावरून नॉटिंगहॅमला शिकणाऱ्या आमच्या मुलीला फोन केला. तिचं मराठी इंग्लंडमध्ये वाढलेलं. “आई, बाबाची औषध घेतलास ना? आणि तू पण एन्जॉय कर हां, प्लीज.” तिला मी तोरणाचं सांगितलं नाही.

कारण त्या तिन्ही सकाळी माधव एकटा गेला आणि एकटा परत आला. सेंट लुशियाला हातात माझ्यासाठी चहाचा कप होता, निम्मा बशीत सांडलेला. “घे. लॅबवाल्या बाई, तयारीला लागा.” डॉमिनिकाहून निघताना आम्ही डेकवर खुर्च्या टाकून पडलो होतो. ऊन उतरत होतं. त्याचा हात माझ्या हातात होता. मला वाटलं, जमेल. वेड्यासारखं मी मनात कामाचं वेळापत्रक लावलं. या सगळ्या सहलीत मला विश्रांती अशी तेवढीच मिळाली.

शेवटच्या दिवशी बार्बाडोसच्या ब्रिजटाउनला उतरून आम्ही विमानतळाच्या कोचची वाट पाहत होतो. माधव पलीकडे सुमनताईंना कॅमेऱ्याचं बटण दाखवत होता. वानखेडे साहेब माझ्याजवळ आले.

“नीला, तुला न सांगता एक केलं. त्या तोरणाच्या दिवसानंतर रोज सकाळी मी त्याच्या मागे असायचो. लांबून. त्याला कळू दिलं नाही.”

मला आधी कळलंच नाही. “म्हणजे?”

“सोबत म्हणून गं. मी काही केलं नाही. फक्त अँटिग्वाला तो भलत्या मजल्यावर उतरून उभा राहिला होता, तेव्हा समोरून आल्यासारखं केलं. म्हटलं, चला माधवराव, मीही तिकडेच निघालोय. चहाच्या दिवशीसुद्धा तसंच.”

“तुम्ही मला का नाही सांगितलंत?”

“तुला काळजी कशाला! आणि त्याचा मान राहिला ना.”

कराराबद्दल त्यांना माहीत नव्हतं. मी त्यांना फक्त आजार सांगितला होता. त्या भल्या माणसाने आपल्या सुट्टीच्या सकाळी माझ्या नवऱ्यामागे चालण्यात घालवल्या होत्या. मी त्यांचे आभार मानले, आणि मनातून मला त्यांना ढकलावंसं वाटत होतं.

परतीच्या विमानात माधव झोपला. मी विचार करत राहिले. सांगितलं नाही तर मी कामावर जाऊ शकते, तोही खूश, आणि जे व्हायचं ते एखाद्या मंगळवारी मी लॅबमध्ये असताना होईल. सांगितलं तर त्याने जिंकलेली एकमेव गोष्ट मी काढून घेते. त्याला विसर पडेल आणि प्रश्न आपोआप मिटेल, असाही विचार माझ्या मनात आला. तो आला हे लिहून ठेवते.

घरी आलो. हीटिंग बंद होतं, दूध नव्हतं, दाराआड पत्रकांचा ढीग. जाणं योग्य होतं का, असं कोणी विचारलं तर हो म्हणेन. समुद्र खराच तसा निळा आहे. तुमच्यापैकी कोणाच्या घरी असंच काही असेल तर जा, पण बरोबरच्या लोकांना पहिल्याच संध्याकाळी सगळं सांगा. मी नाही सांगितलं, आणि दोन्ही वेळा चांगुलपणानेच आमचा हिशेब चुकवला.

आज दुपारी त्याने स्वतःच विषय काढला. करार त्याला आठवत होता. “उद्या सोमवार. तू लॅबला फोन करणार आहेस ना?”

तेव्हा मी सांगितलं. साहेब, मागे चालणं, भलता मजला, सगळं. तो ऐकत राहिला. पूर्वी कोणी त्याच्या प्रोग्रॅममधली चूक दाखवली की तो असाच मान किंचित वाकडी करून ऐकायचा. चिडेल असं वाटलं, चिडला नाही.

“म्हणजे तेव्हा मागे कोणीतरी होतं.”

“हो.”

त्याने खिडकीबाहेर, आमच्या रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं. “मग इथे कोण असणार?”

उत्तर त्याला नको होतं, कारण ते त्याला माहीत होतं. तो उठला आणि चहा करायला गेला. मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत त्याच्या मागे गेले, आत गेले नाही. तिथेच उभी राहिले, त्याला दिसणार नाही अशी.

उद्या : सकाळी लॅबला फोन करून राजीनाम्याचं सांगणे.