रंगाखालची भेग

बाबांना लकवा झाल्यापासून त्यांची मोटरसायकल बोरगाव मेघेतल्या आमच्या अंगणात नुसती उभी होती. त्यांच्या उजव्या हातात जोर उरला नव्हता. यंदा मी, त्यांच्या मुलीनं, ती चालवायची ठरवली. चाकांच्या रंगाचे पोपडे निघत होते, म्हणून नागपूरला पावडर कोटिंग, म्हणजे भट्टीत भाजून पक्का होणारा रंग, करून घ्यायचं होतं. कोटिंगवाला फोनवर म्हणाला, "चाकं मोकळी करून, घासूनच आणा. तेलकट राहिली तर रंग धरणार नाही."

टायर पंक्चरवाल्यानं काढून दिले. बेअरिंग मात्र निघेना. मी हातोडा उचलला, तसे खुर्चीत बसलेले बाबा जड जिभेनं म्हणाले, "ठोकू नको. उकळतं पाणी टाक आधी." आजारपणानंतर ते फार बोलत नसत. आईनं पातेलंभर पाणी आणून ओतलं. मग हलकेच ठोकल्यावर बेअरिंग सुटून खाली पडलं. बाबा गालातल्या गालात हसले.

रंग काढायचं औषध लावल्यावर रंग फुगून सुटला. मी तारेचा ब्रश घेतला, आईनं भांड्यांची घासणी. मागचं चाक घासता घासता ती थांबली.

"हे पाह्य बरं, केस चिकटला का काय? निघूनच नाई राह्यला."

थिनरच्या फडक्यानं मी पुसून पाहिलं. केस नव्हता. बारीक भेग होती.

बाबांनी चाक मांडीवर मागितलं. डाव्या हाताचं नख त्यावरून फिरवलं, ते अडकलं.

"सेलूच्या रस्त्यावर खड्ड्यात आदळलो होतो. तू मांगं बसून होती," ते आईला म्हणाले.

"तवा तं तुमी म्हणलं, काही झालं नाई!"

"मले तसंच वाटलं."

त्यानंतर कितीतरी वेळा ती दोघं त्याच चाकावर शेतात, लग्नांना जाऊन आली होती.

"वेल्डिंग करून घेऊ?" मी विचारलं.

"नाई. हे चाक मी तुले देत नाई, पोरी." इतकं स्पष्ट ते कित्येक महिन्यांत बोलले नव्हते.

दुसरं जुनं चाक मिळवलं. आधी उन्हात धरून ते तिघांनी तपासलं, मग घासलं. रंग आत जाऊ नये म्हणून बेअरिंगच्या जागा टेपनं झाकायचं काम बाबांनी मागून घेतलं. एका हातानं वेळ लागत होता; मी मध्ये पडले नाही.

चाकं काळीभोर होऊन आली. ती बसवल्यावर मी आईला मागं घेऊन पुलगावला मावशीकडे गेले. गाडीतून कसला आवाज येतो का, हे विचारायला बाबांनी दोनदा फोन केला. गाडी छान चालत होती.