बंगळूरहून परतताना: सोमवारचं तिकीट बुधवारवर नेण्याची गोष्ट

पोस्टातून निवृत्त झाल्यावर चार महिने मी घरातली कपाटं आवरली. पाचव्या महिन्यात आवरायला काही उरलं नाही, तेव्हा लेकाकडे बंगळूरला जायचं ठरवलं. ओंकार तिथं तीन वर्षं आहे आणि मी एकदाही गेले नव्हते. यांच्या कॉलेजात परीक्षा चालू होत्या, त्यामुळे निघायचं ते एकटीनंच.

तिकीट मी स्वतः काढलं. गुरुवारी जायचं, सोमवारी यायचं, दोन्ही एकदम. विमान कंपनीच्या साइटवर माझं कार्ड चाललं नाही म्हणून एका तिकीट विकणाऱ्या साइटवरून काढलं. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे त्याचा संबंध येतो.

वर्ध्याहून सकाळच्या गाडीनं नागपूर, स्टेशनवरून मेट्रोनं विमानतळ स्टेशन, तिथून पुढे ऑटो. हा मार्ग सोपा आहे आणि बॅग एकच असेल तर टॅक्सीची गरज नाही. विमान पावणेदोन तासांचं. बंगळूर विमानतळावर बाहेर पडलं की शहरात जाणाऱ्या वातानुकूलित बसगाड्या ओळीनं उभ्या असतात. ओंकार राहतो त्या मारतहळ्ळीची बस कुठली ते विचारावं, पुढच्या सीटवर बसावं आणि घड्याळाकडे बघू नये. मला पावणेदोन तास लागले, म्हणजे विमानाइतकेच.

ओंकार थांब्यावर उभा होता. जरा वाळलेला वाटला, पण प्रत्येक आईला तसंच वाटतं, म्हणून मी काही बोलले नाही.

तो ज्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो त्याच्या मालकीणबाई शांताअक्का खाली राहतात. त्यांचं घराणं चार-पाच पिढ्या बंगळुरात आहे. कपड्याचं दुकान मुलगा बघतो. घरात मराठीच बोलतात, पण ते मराठी ऐकून मला सुरुवातीला दोन क्षण थांबावं लागायचं. शुक्रवारी सकाळी ओंकार कामावर गेल्यावर त्यांनी मला खाली बोलावलं. ऊटा, म्हणजे जेवण, झालं का म्हणून विचारलं, नाही म्हटल्यावर स्वल्प तरी खा म्हणाल्या, आणि ते स्वल्प म्हणजे तीन अक्की रोट्ट्या, तांदळाच्या पिठाच्या, वर लोणी.

बोलता बोलता त्या ओंकारचं कौतुक करायला लागल्या. पोरगं कष्टाळू आहे, कधी घरूनच काम करतं, कानाला ते यंत्र लावून दिवसभर बोलत असतं. "आणि किती गोड मराठी बोलतो हो. तुमच्याकडचं. मी जिन्यात उभी राहून ऐकते कधी कधी."

मला गंमत वाटली. बंगळूरच्या सॉफ्टवेअर कंपनीत दिवसभर मराठी कोणाशी बोलतो हा? मित्रांशी गप्पा मारत असेल असं मनाशी म्हटलं आणि दुसरी रोट्टी घेतली.

शनिवारी त्याला सुट्टी असेल असं मी धरून चालले होते. तो म्हणाला, या आठवड्यात काम आहे, रविवारीही आहे, सुट्टी मंगळवारी. मी जरा नाराज झाले आणि एकटीच लालबागेत निघाले. वाटेत दर्शिनीत खाल्लं. दर्शिनी म्हणजे उभ्यानं खायची हॉटेलं, आधी पैसे भरून टोकन घ्यायचं. खारा भात आणि केसरी भात मिळून एका बशीत घेतात, आणि भात म्हटलं तरी दोन्ही रव्याचे असतात, एक उपमा आणि एक शिरा. कॉफी एवढीशी, पण दुसरी घ्यावी लागत नाही. मग साध्या बसनं बैयप्पनहळ्ळी. तिथल्या बसमध्ये कर्नाटकातल्या बायकांना तिकीट लागत नाही. वाहकानं माझं आधार कार्ड बघितलं, वर्धा वाचलं, आणि हसून तिकीट फाडलं. पुढे जांभळी मेट्रो, मॅजेस्टिकला बदलून हिरवी, आणि लालबाग स्टेशन.

लालबागेत मी तीन तास होते. त्या खडकाच्या टेकाडावर बसून शहराकडे बघताना वाटलं, इथवर आले आणि मुलाबरोबर एक दिवसही फिरले नाही, हे काही बरोबर नाही. सोमवारऐवजी बुधवारी गेलं तर मंगळवार पूर्ण मिळेल. तिथंच बसून मोबाइलवर साइट उघडली, बुधवार निवडला, आणि आकडा आला पाच हजार नऊशे. माझं परतीचं तिकीटच चार हजार सहाशेचं होतं.

एकतीस वर्षं मी काउंटरच्या आत बसून लोकांना नियम समजावले आहेत. दंड आणि शुल्क यांत काय फरक, व्याज कुठल्या तारखेपासून, सगळं. पण हा आकडा कुठून आला ते मला कळेना, आणि न कळणं मला फार वेळ सहन होत नाही. संध्याकाळी घरी आल्यावर ओंकारला सांगणार होते, पण तो दमून आला आणि जेवून झोपला.

रविवारी सकाळी चहा पिताना मी मोबाइल त्याच्यापुढे ठेवला. कामावर जायला त्याला अजून दोन तास होते.

त्यानं पडद्याकडे एकदाच बघितलं. "आई, ही एक रक्कम नाहीये. तीन आहेत."

मग त्यानं सांगितलं ते मी वहीत उतरवून घेतलं, तुमच्यासाठी देते. पहिली रक्कम विमान कंपनीचं तारीख बदलण्याचं शुल्क. ते तिकिटाच्या प्रकारावर ठरतं, स्वस्त तिकिटाला जास्त, आणि निघायचा दिवस जवळ आला की वाढतं. प्रत्येक माणसामागं वेगळं आणि प्रत्येक फेरीमागं वेगळं, म्हणून चौघांचं कुटुंब असेल तर चारनं गुणायचं. दुसरी रक्कम भाड्यातला फरक. मी तिकीट काढलं तेव्हाचं भाडं आणि बुधवारचं आजचं भाडं यांच्यातला. हा दिवसभरात बदलतो, म्हणून सकाळी बघितलेला आकडा संध्याकाळी मिळेलच असं नाही. नवं भाडं कमी असलं तर उरलेले पैसे बहुतेक वेळा परत देत नाहीत. तिसरी रक्कम साइटची स्वतःची. थेट कंपनीकडून तिकीट काढलं असतं तर ती लागली नसती.

त्यानं दुसरीकडे बुधवारचं नवं तिकीट काढायचं झालं तर कितीला पडेल ते बघितलं. पाच हजार तीनशे.

मी विचारलं, म्हणजे बदलण्यापेक्षा नवं घेतलेलं स्वस्त?

तो म्हणाला, कधी कधी असतं, म्हणून दोन्ही बघायचं. पण जुनं तसंच सोडून द्यायचं नाही, ते वेळेत रद्द करायचं. रद्द केलं तर काही कर तरी परत येतात. न जाता सोडून दिलं तर तेवढेसुद्धा मिळवताना नाकी नऊ येतात. आणि तारीख बदलायचा विचार असेल तर ऑनलाइन चेक-इन करून बसायचं नाही, नाहीतर आधी ते रद्द करावं लागतं.

मग त्यानं विचारलं, "विमानाची वेळ बदलल्याची मेल आली होती का तुला?"

आली होती. दहा दिवसांपूर्वी. परतीचं सकाळी अकराचं विमान दुपारी साडेतीनला केल्याची. मला त्याचं काही वाटलं नव्हतं, उलट निवांत उठता येईल म्हणून मी खूश होते. ओंकारनं ती मेल शेवटपर्यंत खाली नेली. तिथं बारीक अक्षरांत लिहिलं होतं की हा बदल सोयीचा नसेल तर प्रवाशाला एकदा विनाशुल्क तारीख बदलून मिळेल.

एकतीस वर्षं मी लोकांना म्हणत आले, फॉर्म उलटून मागची बाजू वाचा. आणि मी स्वतः मेल खालपर्यंत वाचली नव्हती.

साइट मात्र शुल्क मागतच होती. तो म्हणाला, पडद्यावर ते आपोआप निघत नाही, साइटच्या लोकांना फोन करावा लागतो. फोन लावून त्यानं माझ्या हातात दिला, स्पीकर चालू केला. पलीकडे एक मुलगी आली. मी तिकिटाचा क्रमांक सांगितला, काय हवंय ते सांगितलं. ओंकार हळू आवाजात मला सांगत होता. आता ती दोन मिनिटं थांबायला लावेल, फोन ठेवू नकोस. आता ती म्हणेल शुल्क पडेल, तेव्हा वेळ बदलल्याचं सांग. आता ती मेल पुढे पाठवायला सांगेल, तिला म्हण की नोंदीच्या वरच्या कोपऱ्यात बघा, तिथं लाल खूण असेल.

मुलीनं बघितलं. लाल खूण होती. दहा मिनिटांत बुधवारचं तिकीट माझ्या मेलवर आलं आणि एक रुपयाही लागला नाही.

मी फोन ठेवणार होते, तर त्यानं तो हातातून घेतला. तिला म्हणाला, तुम्ही फार चांगली मदत केलीत, आणि लाइनवर थांबला. शेवटी यंत्राचा आवाज आला, समाधान किती झालं त्याचे गुण द्या म्हणून. त्यानं पाच दाबलं, मगच फोन ठेवला.

"लोक हे ऐकायच्या आधीच फोन ठेवतात," तो म्हणाला. "तिचा महिन्याचा पगार त्यावर ठरतो."

काउंटरच्या आतला माणूस दुसऱ्या काउंटरवरच्या माणसाशी कसा बोलतो, ते मला ओळखू येतं.

"ओंकार, तू हेच काम करतोस का?"

त्यानं चहाचा कप उचलला, रिकामा होता, खाली ठेवला. "हो. आठ महिने झाले."

सॉफ्टवेअर कंपनीनं त्याची सगळी टीम एका दिवशी कमी केली होती. तीन महिने त्यानं दुसरीकडे अर्ज केले, मुलाखती दिल्या, मग घरभाडं थकायच्या आधी अशाच एका तिकीट कंपनीच्या मदत केंद्रात लागला. महाराष्ट्रातून येणारे फोन त्याच्याकडे देतात. आम्हाला सांगायचं प्रत्येक रविवारी ठरवायचा आणि पुढच्या रविवारवर ढकलायचा. मी निवृत्त होणार होते, घरात सगळे आनंदात होते, त्यात हे कशाला, असं त्याला वाटत होतं.

मी रागावले का? थोडी. खोटं बोलल्याबद्दल नाही, तर ते तीन महिने तो काय खात होता ते मला माहीत नव्हतं, म्हणून. मी त्याला एवढंच विचारलं की काम आवडतं का. तो जरा विचार करून म्हणाला, ओरडणारे लोक नाही आवडत. पण लातूरचे एक आजोबा होते, बायकोला रुग्णालयात ठेवलेलं, परतीची तारीख तीनदा बदलली. तिसऱ्यांदा त्यांनी मुद्दाम ओंकारचं नाव सांगून त्यालाच मागितलं. ते आवडलं.

मग तो कामावर गेला. मी खाली शांताअक्कांकडे जाऊन बसले. काही सांगितलं नाही, पण त्यांनी माझा चेहरा बघून कॉफी केली आणि टीव्ही बंद केला.

मंगळवारी आम्ही मल्लेश्वरमला गेलो. तिथलं काडु मल्लेश्वराचं देऊळ मराठा राजघराण्यानं बांधल्याचं सांगतात. दगडी मंडपात गार वाटतं, समोरच नंदीतीर्थ आहे, तिथं नंदीच्या तोंडातून पाणी शिवलिंगावर पडत राहतं. सकाळी लवकर जा, फुलांची दुकानं तेव्हा लागत असतात. देवळाच्या आवारात बसून ओंकारनं बाबांना फोन लावला. मी लावू का असं मी विचारलं होतं, तर नको म्हणाला.

त्यानं सगळं एका दमात सांगितलं. स्पीकर चालू होता, मलाही ऐकू येत होतं. हे आता चिडतील असं मी धरून चालले होते.

मग यांनी विचारलं, "एवढे महिने एकटाच होतास?"

ओंकारनं फोन माझ्याकडे दिला आणि तो चप्पल घालून बाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिला. मी त्याला पाच मिनिटं तिथंच राहू दिलं.

बुधवारी साडेतीनचं विमान वेळेवर सुटलं. आता वर्ध्याला येऊन तीन आठवडे झालेत. ओंकार अजून तिथंच काम करतो आणि दुसरीकडे मुलाखतीही देतो. एका ठिकाणी दुसऱ्या फेरीपर्यंत गेला, पुढचं अजून कळलेलं नाही. हे सगळं त्याला वाचून दाखवलंय, त्याच्या परवानगीनंच इथं टाकतेय. त्यानं एकच भर घालायला सांगितली: नियम प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात आणि बदलत राहतात, म्हणून आपल्या तिकिटाचे तेवढे वाचा, माझ्यावर विसंबू नका.

त्या दोन दिवसांचा मी अधूनमधून विचार करते. तारीख बदलायचं डोक्यात न येता सोमवारी ठरल्याप्रमाणे निघाले असते तर मी लालबागेचे फोटो घेऊन आले असते, ते शेजारणींना दाखवले असते, आणि मुलाचं छान चाललंय असं सगळ्यांना सांगत फिरले असते. मी अगदी खूश असते. त्या खुशीचा विचार आला की अजूनही हातातलं काम थांबतं आणि मी त्याला फोन लावते.