जीपच्या पत्र्यावरच्या दोन थापा

आधीच सांगते, आमच्या घरात असलं काही मानणारं कुणीच नव्हतं. सासूबाईंनी एकदा दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या घेतल्या, तर यांनी त्या फोडणीत घालायला सांगितल्या होत्या! मीही त्यातलीच. तरीही हे लिहायला बसले आहे...

नव्वदच्या दशकातलं लखनऊ. हे एअरफोर्समधून रिटायर झाले आणि साताऱ्याला परत न जाता आम्ही तिथल्याच महानगर नावाच्या वस्तीत घर केलं. लग्नसराईत लाइट जाणार हे ठरलेलं, म्हणून यांनी शहरातल्याच आलमबाग भागात जनरेटर भाड्याने द्यायचा धंदा टाकला. जनरेटर चाकांच्या ट्रॉलीवर बसवलेला. ट्रॉली जीपला जोडून न्यायची. जोडायचं काम शफीकभाईंचं. नोकर कसले, घरचेच होते. ईदच्या शेवया आधी आमच्याकडे यायच्या.

नोकरीत यांनी धावपट्टीवर विमानांसाठी असेच जनरेटर ओढायचं काम केलेलं, त्यामुळे शिस्त कडक. आधी ट्रॉली जीपला अडकवणारी पिन, मग साखळी, मग ट्रॉलीचा हँडब्रेक सोडायचा, चाकाखालची वीट काढून ट्रॉलीवर ठेवायची आणि सगळ्यात शेवटी जीपच्या मागच्या पत्र्यावर दोन थापा. थापा पडल्याशिवाय गाडी हलायची नाही. पडल्या की मागे वळून बघायचं नाही – बघितलं तर शफीकवर भरवसा नाही असा अर्थ होतो, असं यांचं म्हणणं.

त्या दुपारी मी आलमबागला बाजाराला गेले होते, म्हणून यांच्याबरोबरच परत निघाले. जीप उताराकडे तोंड करून उभी, मागे ट्रॉली, तिच्यामागे भिंत. शफीकभाई मधे वाकून जोडत होते. मी भेंडीच्या भावावरून कुरकुरत होते, तेवढ्यात धप, धप. अगदी स्पष्ट. हादरा माझ्या सीटपर्यंत आला. यांनी गिअर टाकला.

पुढचं लिहवत नाही. जीप पुढे सरकली आणि उतारावर मोकळी सुटलेली ट्रॉली जनरेटरसकट शफीकभाईंच्या अंगावर आली.

त्यांना बाहेर काढलं तेव्हा एका मुठीत पिन होती, दुसऱ्या हाताला साखळीचा विळखा. म्हणजे पिन घातलीच नव्हती. मग हँडब्रेक कुणी सोडला? वीट ट्रॉलीवर नेहमीच्या जागी नीट ठेवलेली. गल्लीत तर चिटपाखरू नव्हतं.

हॉस्पिटलात हे डॉक्टरांशी बोलायला बाहेर गेले, तेव्हा शफीकभाईंनी मला जवळ बोलावलं.

“भाभी, थाप आपने भी सुनी थी न?”

मी हो म्हटलं.

“हमने भी सुनी. पर हमने दी नहीं थी... हमारे तो दोनों हाथ फँसे थे. भैया से कहिएगा, उनकी गलती नहीं है.”

संध्याकाळी ते गेले.

मी यांना शब्दन् शब्द सांगितला. यांनी ऐकून घेतलं, आणि पोलिसांना लिहून दिलं की आपणच न बघता गाडी काढली. मी चिडले, भांडले, मला साक्ष देऊ द्या म्हटलं.

“शफीकच्या बायकोला काय सांगू मी?” हे म्हणाले. “कुणीतरी थाप मारली, पण कुणी ते माहीत नाही?”

जनरेटर विकला. यांनी पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. कुणी प्रेमाने पाठीवर थाप दिली तरी उठून आत जायचे. मला फार राग यायचा, त्यांचा नाही, त्या थापांचा. गेल्या वर्षी हेही गेले. शेवटपर्यंत स्वतःला माफ केलं नाही.

मी सगळे तर्क लढवून पाहिले. उन्हाने पत्रा वाजला म्हणावं, तर वीट कशी उचलली गेली? हँडब्रेक सैल होता म्हणावं, तर थापा कसल्या? मुलाला सांगायला गेले, तर तो म्हणतो, “मम्मी, अब छोड़ो न. पापा से गलती हो गई थी.”

त्या थापा आम्ही तिघांनी ऐकल्या होत्या. आता मी एकटी उरले आहे. माझ्यानंतर ती फक्त यांची चूक म्हणून राहील.