बाण पाळणारा माणूस

ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या सगळ्या चौकांत, रस्त्यावर रंगवलेल्या बाणांवर मनापासून विश्वास ठेवणारा एकच माणूस आहे आणि तो माझा साडू आहे. बाकीच्या आपणा सर्वांना ते बाण म्हणजे कुठल्या तरी ठेकेदाराने उरलेला रंग संपवण्यासाठी केलेली नक्षी वाटते. साडू मात्र बाण दिसला की बांधले जातात. गाडी सरळ बाणाच्या पट्ट्यात असेल, तर स्वतःचं घर डावीकडे दिसत असलं तरी ते सरळच जाणार. एका नवरात्रात टेंभी नाक्याच्या देवीला आम्हा चौघांना घेऊन ते डोंबिवलीहून निघाले. ठाण्यात एका चौकात गर्दीने त्यांना नको त्या पट्ट्यात ढकललं, तिथून पुढच्या, पुढून त्याच्याही पुढच्या, आणि ज्या कळव्यातून आम्ही आलो होतो त्याच कळव्यात तासाभराने परत पोचलो. माझी बायको म्हणाली, "भावोजी, देवी नाक्यावर बसलीय, आपण प्रदक्षिणा कुणाला घालतोय?" साडू शांतपणे म्हणाले, "पोचू. देवी काही दसऱ्याच्या आत उठत नाही."

हा माणूस आयुष्यभर अंबरनाथच्या एका कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढत होता. निवृत्त झाल्यावर यंत्रं संपली, म्हणून त्यांनी चौक काढायला घेतले. कुठेही जायचं असलं की आदल्या दिवशी एखाद्या जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर, पट्टी लावून, वाटेतल्या प्रत्येक चौकाचा नकाशा तयार. थांबायची रेषा कुठे, झेब्रा कुठे, डावीकडे वळायचं तर कुठल्या खांबापासून डावा पट्टा धरायचा, उजवीकडे वळायचं तर समोरून येणाऱ्यांना वाट देत मध्याशी कुठे थांबायचं, सगळं त्यात. पायी चालतानाही फरक नाही. डोंबिवलीच्या फडके रोडवर कोपरा आला की ते आधी मागे वळून बघतात आणि मगच वळतात. त्या नादात त्यांच्यावर आदळलेल्या माणसांची यादी केली, तर तिच्यात माझं नाव तीनदा येईल.

त्यांच्या घराजवळच्या चौकातला डावीकडचा बाण पार पुसला गेला होता. साडूंनी दोन अर्ज केले. उत्तर आलं नाही, तेव्हा एका पहाटे ते स्वतः पांढरी रांगोळी घेऊन गेले आणि पट्टीने मोजून बाण भरून आले. आठ वाजेपर्यंत कुणीतरी त्यावर हळदकुंकू वाहिलं होतं आणि मधोमध एक जास्वंदीचं फूल. दिवसभर रिक्षावाले त्या बाणाला वळसा घालून, काही तर नमस्कार करून, जात होते. साडूंना याचं वाईट वाटलं. "नमस्कार करतात," ते म्हणाले, "पण डावीकडे कुणी वळत नाही."

मी एकदा त्यांना विचारलं होतं, एवढा आटापिटा कशासाठी. ते म्हणाले, "मागून येणारा मला ओळखत नाही. मी या पट्ट्यात आहे म्हणजे इकडेच जाणार, एवढंच त्याला माझ्याबद्दल ठाऊक. तेवढं तरी खरं असावं." मी हसलो होतो. त्यांच्यावर हसायची आम्हा घरच्यांना सवयच होती. पण गेलं वर्षभर नातेवाइकांत त्यांच्यावर जे हसणं चाललं आहे, ते मी सुरू केलं, आणि ते खोट्यावर उभं आहे. हे लिहायला बसलो ते त्यासाठी.

गेल्या वर्षी ठाण्याला एका साखरपुड्याला निघालो होतो. साडू चालवत होते, शेजारी मी. त्यांच्या नकाशात हॉलच्या आधीच्या चौकात डावा पट्टा धरायचा होता, पण "हॉल अजून पुढे आहे, मला माहितीय" असं म्हणत मी त्यांना सरळ बाणाच्या पट्ट्यात ठेवलं. मग हॉलची कमान अचानक डावीकडेच दिसली. मी म्हणालो, "इथेच, इथेच. डावीकडे घ्या."

"आता नाही. बाण सरळ आहे. पुढून वळून येऊ."

"अहो साडू, तुमच्या बाणापायी मुलीकडची मंडळी जेवून उठतील. मी हात काढतो."

आपल्याकडे ही एक पद्धतच आहे. डाव्या खिडकीशी बसलेल्याने हात बाहेर काढून पंजा दाखवायचा, की मागच्यांनी थांबायचं. माझ्या या हातावर मी अनेक ड्रायव्हरांना वळणं काढून दिली आहेत आणि मला त्याचा अभिमान होता.

"मागे कुणी आहे?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही. वळा."

मी हात बाहेर काढला होता, पण मान वळवून पाहिलं नव्हतं. साडूंनी जन्मात पहिल्यांदा बाण मोडला, तो माझ्या शब्दावर. डाव्या पट्ट्यातून एक मुलगी स्कूटरवरून येत होती. ती बंपरला लागून पडली आणि तिच्या मनगटाचं हाड मोडलं. आम्हीच तिला दवाखान्यात नेलं. थोड्या वेळाने साडूंची मुलगी ऑफिसातून धावत आली आणि तिने मला विचारलं, "काका, काय झालं?" मी म्हणालो, "बाबांनी एकदम वळवली गं." साडू शेजारीच उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हो. वळवली."

साडूंच्या मुलीने त्याच दिवशी गाडीची किल्ली काढून घेतली. त्या स्कूटरवाल्या मुलीचं मनगट दीड महिन्यात जुळलं, पण साडूंची गाडी कव्हराखालीच राहिली. बारशा-मुंजींत गोष्ट रंगू लागली, "जन्मभर बाण पाळले आणि एकदाच वळले ते थेट स्कूटरवर." सगळ्यांत मोठ्याने मी हसत असे.

यंदा त्यांचा परवाना संपत आला. मुलगी म्हणाली, "नको बाबा, आता पुरे." त्यांनी अर्ज खणात ठेवून दिला. मला हे कळलं तेव्हा मी त्यांच्याकडेच बसलो होतो. समोर टेबलावर लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता. मी चाळला. सगळ्या कोऱ्या. वर्षभरात त्यांनी एकही चौक काढला नव्हता. मी चहा न घेताच उठलो.

पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. मुलगी मेथी निवडत होती, साडू पेपर वाचत होते. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "त्या दिवशी बाबा वळत नव्हते. त्यांनी मला विचारलं, मागे कुणी आहे का. मी न बघता नाही म्हणालो."

तिचे हात थांबले. "काका, वर्ष झालं. मी त्यांना दुधाच्या पिशवीला जाताना सुद्धा रस्ता नीट बघा म्हणून सांगते. त्यांना. आणि तुम्ही इथे येऊन पोहे खाऊन जात होतात?"

"हो."

"चूक माझीही आहे," साडू पेपर घडी करत म्हणाले. "आरशात मी बघायला हवं होतं. साडूंचा हात म्हणजे काही सिग्नल नव्हे."

"तुम्ही गप्प बसा, बाबा. तुम्ही तेव्हा का नाही बोललात?"

"प्रश्न तू यांना विचारला होतास. आधी जायचा हक्क यांचा होता." त्यांनी पेपर बाजूला ठेवला. "मी वाट देऊन थांबलो होतो. यांना यायला जरा उशीर झाला, एवढंच."

मुलगी उठून आत गेली. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात खणातला अर्ज होता. तो तिने वडिलांसमोर ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "डॉक्टरच्या दाखल्यासाठी यांना तुम्ही घेऊन जायचं. रांगेत तुम्ही उभं राहायचं." मी उभा राहिलो, दोन दिवस. स्कूटरवाल्या मुलीकडेही जाऊन सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आजोबा, त्या काकांनी तर तुमचं नावसुद्धा घेतलं नव्हतं." साडू माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे आहेत, पण तेही मी ऐकून घेतलं.

आता ज्या ज्या घरी मी ती गोष्ट सांगून हसलो, तिथे तिथे जाऊन ती दुरुस्त करतो आहे. साडूंना नवा परवाना मिळाला, पाच वर्षांचा. त्यापुढे काय, ते आम्ही बोलत नाही. आमच्या वयाला पाच वर्षं म्हणजे पुष्कळ झाली. मुलगी माझ्याशी अजून मोजकंच बोलते, पण बोलते. रविवारी सकाळी साडू मला न्यायला कल्याणला येतात. विनाकारण हॉर्न वाजवणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही, खाली येऊन ते नुसते थांबून राहतात, कितीही वेळ. म्हणून हल्ली मी दहा मिनिटं आधीच फाटकाशी जाऊन उभा राहतो.