कुमुदताईंची ऊबपेटी

गेल्या महिन्यात एका दुपारी कारखान्यात फोन आला. आवाज अनोळखी होता, जरा संकोचलेला. "चौधरीसाहेब का? मी डॉक्टर कुमुद कोठावदेंचा भाचा, नाशिकचा. मावशी गेली... परवा." कुणाकुणाला कळवायचं तेच आम्हाला ठाऊक नव्हतं, तो म्हणाला. फोनशेजारच्या भिंतीवर पेन्सिलीनं तुमचा नंबर लिहिलेला दिसला, म्हणून लावला. म्हणजे सगळं आटोपलं होतं. धुळ्याला पांझरेकाठी न्यायला शेजारचे दोघं-तिघं होते, दवाखान्यातल्या जुन्या सिस्टर होत्या आणि हा. मी फोन ठेवला. शेडमध्ये मशीनं चालू होती, माणसं आपापल्या कामात होती, आणि "अरे, कुमुदताई गेल्या" असं ज्याला सांगावं असं तिथं कुणी नव्हतं. त्यांना पाहिलेली माणसं कधीच काम सोडून गेली होती. घरी आलो, तर पत्नी गेल्यापासून घरही तसंच. शेवटी रेडिओ लावला आणि बंद केला.

आमची ओळख ऐंशीच्या दशकातली. लहान मुलांच्या लसीकरणाची मोठी मोहीम तेव्हा नुकती सुरू झाली होती. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत माझा प्लास्टिकचा छोटा कारखाना. बादल्या, केळीसाठी क्रेट, ठिबकचे जोड असला माल आम्ही काढायचो. थंडीचे दिवस होते. सुती पातळ, त्यावर पुरुषी स्वेटर आणि मांडीवर लस न्यायचा निळा डबा, अशा एक बाई ऑफिसात येऊन बसल्या. धुळ्याहून एसटीनं आल्या होत्या. मूळच्या भडगावच्या, पुण्यात शिकलेल्या, धुळ्याला लहान मुलांच्या डॉक्टर. त्यांनी डबा टेबलावर ठेवला आणि नमस्कार-चमत्कार न करता म्हणाल्या, "भाऊ, लस थंड राहावी म्हणून सरकारनं हा डबा दिलाय. उन्हाळ्यात सुद्धा आतलं बर्फ टिकतं. मला असाच डबा पाहिजे, जरा मोठा... लेकरू गरम ठेवायला."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. साक्रीच्या पश्चिमेकडच्या खेड्यांतून कमी दिवसांची, मुठीएवढी बाळं धुळ्याला आणतात. धुळ्यात काचेची पेटी आहे, विजेवर चालणारी. पण जीपनं नाहीतर एसटीनं येईस्तोवर लेकरू फडक्यात गार पडलेलं असतं. "आजार मोठा नसतो हो. नुसतं गार पडून जातं. माझ्या टेबलावर येतं तेव्हा माझ्या हातात काही उरलेलं नसतं." हे सांगताना त्यांचा आवाज चढला नाही की ओला झाला नाही. पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, डब्याकडे बघत होत्या.

मी हो म्हणालो. का, ते आजही सांगता येणार नाही. डब्याच्या भिंती दुहेरी करणं अवघड नव्हतं. अवघड होती ऊब. गरम पाण्याच्या पिशव्या आधी चटका देत आणि मग बघता बघता निवत. आमच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे पाटील सर होते, त्यांना मी गाठलं. त्यांनी मेण सुचवलं. मेण वितळताना जी उष्णता घेतं, ती गोठताना हळूहळू, जवळजवळ एकाच तापमानाला परत देतं. मग आम्ही तिघं लागलो. मेणात तेल मिसळून ते बाळाला पोळणार नाही अशा बेताला आणायचं, जाड प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद करायचं, खेड्यातल्या आरोग्य केंद्रात उकळत्या पाण्यात ठेवून वितळवायचं आणि हाताला सोसेल इतकं निवलं की पुसून गादीखाली सरकवायचं. वीज नको, काही नको. बाळाऐवजी आम्ही बाळाच्या वजनाची पाण्याची पिशवी पेटीत ठेवायचो. ताई रविवारी धुळ्याहून यायच्या, शाल गुंडाळून स्टुलावर बसायच्या आणि थर्मामीटर बघत राहायच्या. सर त्यांना चिडवायचे, "ताई, ती पाण्याची पिशवी आहे. रडणार नाही." ताई म्हणायच्या, "गार पडलेलं लेकरूही रडत नाही सर."

हातानं बनवलेली पहिली पेटी फायबरची, कडा ओबडधोबड. पण अशा पेट्या हातानं किती करणार? साचा हवा होता, आणि लोखंडी साच्याचा खर्च आमच्या कुणाच्या आवाक्यातला नव्हता. सरकारी कार्यालयांतून एकच उत्तर यायचं, की विजेशिवाय चालणाऱ्या उपकरणाला मदत देण्याची तरतूद नाही. शेवटी मी ताईंना डाळमिलवाल्या पुखराजशेठकडे घेऊन गेलो. पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं घर, दानधर्मात पुढे. शेठनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "डॉक्टरबाई, हे डबेबिबे कशाला? परदेशी मशीन घ्या. मी देतो. मंत्र्याला बोलवू, पाटी लावू."

"मशीन धुळ्याला आहे, शेठजी," ताई म्हणाल्या. "त्यात ठेवायला लेकरू जिवंत पोचत नाही."

शेठ म्हणाले, "मला दाखवा."

आणि ते खरोखर आले. जानेवारीत, स्वतःच्या अँबॅसिडरमधून, पिंपळनेरच्या पुढच्या एका आरोग्य केंद्रावर. ताई त्यांना पेटी दाखवणार होत्या, पाण्याच्या पिशवीवर प्रयोग करणार होत्या. पण आम्ही पोचलो तर पहाटे बाळंत झालेली एक बाई तिथं होती. मुलगी, फार लवकर झालेली. केंद्राची जीप दुरुस्तीला गेलेली. ताईंनी शेठना विचारलंसुद्धा नाही, ड्रायव्हरला सांगितलं, "गाडी वळवा." सिस्टरनं मेणाच्या पिशव्या उकळत्या पाण्यात टाकल्या. पुढे ड्रायव्हर, मी आणि बाळाची आजी. मागे बाळंतीण आणि सलाईनची बाटली धरून बसलेल्या ताई. पेटी धरायला हात उरले ते शेठचे. पांढरंशुभ्र धोतर, त्यावर ती ओबडधोबड पेटी. साक्रीच्या अलीकडे टायर बसलं. वारा असा होता की दार उघडताच सगळे आखडलो. ड्रायव्हर चाक बदलत होता आणि आजी वळून वळून विचारत होती, "बाई, पोर जित्ती शे ना?"

ताईंचे दोन्ही हात गुंतलेले. त्या शेठना म्हणाल्या, "कडेच्या झडपेतून हात आत घाला. पाठीला लावून बघा."

शेठनी हात घातला. मी मागे वळून त्यांचा चेहरा पाहत होतो. मग आजीकडे बघून, आयुष्यभर बाजारात ऐकलेल्या तिच्याच अहिराणी बोलीत म्हणाले, "गरम शे, माय. पोर गरम शे." चाक बसलं, गाडी निघाली, तरी धुळं येईस्तोवर त्यांनी हात बाहेर काढला नाही.

ती मुलगी जगली. काही आठवडे काचेच्या पेटीत राहून आजीच्या कडेवर घरी गेली. पाटीचं नाव शेठनी पुन्हा काढलं नाही. मला एवढंच म्हणाले, "चौधरी, साचा करायला घ्या."

त्यानंतरची वर्षं आमची चांगली गेली. पेट्या साक्री, शिरपूरकडे गेल्या. इकडे रावेर, एदलाबादकडेही गेल्या. बाळ धुळ्याला किंवा जळगावला पोचलं की रिकामी पेटी कंडक्टरच्या ताब्यात देऊन एसटीनं परत पाठवायची. कंडक्टर तिचं भाडं घेत नसत. ताई प्रत्येक पेटी स्वतः धुऊन, उन्हात सुकवून मगच देत. सगळीच लेकरं वाचली असं नाही. काही पेटीतच गेली. अशा दिवशी ताई फोन करायच्या. "भाऊ, झडप घट्ट बसते, जरा सैल करा" असं काहीतरी सांगून ठेवून द्यायच्या. मी समजायचो.

मग शेठ वारले. त्यांची मुलं चांगली होती, चहा द्यायची, पण वडिलांनी झडपेतून घातलेला हात त्यांनी घातलेला नव्हता. पाटील सर मुलाकडे बडोद्याला गेले. पेट्यांची मागणी वाढत होती आणि आम्ही दोघंच उरलो होतो. तेव्हा मुंबईची एक मोठी कंपनी पुढे आली. हॉस्पिटलची उपकरणं करणारी. नाव सांगण्यात आता अर्थ नाही. त्यांचे साहेब जळगावला आले, पेटी हाताळली, कौतुक केलं. देशभर नेऊ म्हणाले. अट एकच, दुसऱ्या कुणी ती करायची नाही. ताईंनी सही केली, मीही केली. साचा ट्रकमध्ये चढवला तेव्हा ताई मुद्दाम धुळ्याहून आल्या होत्या. ट्रकला त्यांनी हार घातला होता.

पेटी कधी निघालीच नाही. ताई मुंबईला जायच्या. आधी साहेब भेटायचे, मग त्यांचा हाताखालचा माणूस, मग नुसता स्वागतकक्ष. "वर पाठवलंय मॅडम, कळवू." पुढे कुणीतरी भिडस्तपणे सांगितलं, की इतक्या स्वस्त वस्तूत कंपनीला काही सुटत नाही आणि विजेच्या मशीनच्या धंद्याला उगाच धक्का. करारामुळे आम्हालाही करता येईना. इकडे जुन्या पेट्यांची बिजागरं तुटत होती. ताई चिकटपट्टी लावून लावून त्या चालवत होत्या. एकदा मुंबईहून परतताना त्या धुळ्याला न थांबता तशाच जळगावला आल्या, माझ्या ऑफिसात बसल्या. पाणी दिलं, ते घेतलं नाही. म्हणाल्या, "भाऊ, त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी दुसरीकडे गेले असते. ते तर हो म्हणाले होते..."

करार संपल्यावर साचा परत आला. गोदामात पावसाचं पाणी लागून गंजलेला. तोवर पेटी मागणारे जुने डॉक्टर बदलून गेले होते. नव्यांनी ती पाहिलीही नव्हती.

गेल्या दिवाळीनंतर त्यांना भेटलो ते शेवटचं. धुळ्याला पाचव्या गल्लीत वरच्या मजल्यावर एकट्या राहत होत्या. दवाखाना बंद केला होता. बोलता बोलता म्हणाल्या, "शेठच्या गाडीतली ती पोर आता केवढी झाली असेल?" मी म्हटलं, शाळेत जात असेल. त्या हसल्या. "तिचं नाव काय ठेवलं, ते विचारायचंच राहिलं बघा." मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं, की ताईंनी वाचवलेल्यांपैकी एकालाही ताई आठवत नसणार. आठवणार कशा?

परवा भाच्यानं खोली रिकामी करायला बोलावलं, काही मशिनरी असेल तर घेऊन जा म्हणाला. मशिनरी कुठली... एक खुर्ची, एक खाट, भाजीच्या दोन पातेल्या. मेणाच्या कडक पिशव्या सापडल्या होत्या, त्या कशाच्या ते न कळून त्यानं टाकून दिल्या होत्या. त्याचा काय दोष? मी काहीच न घेता निघालो.

जळगावच्या गाडीला वेळ होता, म्हणून धुळ्याच्या स्टँडवर चहा घेतला. तेव्हा ताईंची एक सवय आठवली. गार हात त्यांनी कधी लेकराला लावला नाही. हिवाळ्यात सिस्टर चहाचा ग्लास आणून देत, ताई तो दोन्ही तळव्यांत धरून उभ्या राहत, तळवे तापले की ग्लास खाली ठेवत आणि टेबलाकडे वळत. खेड्यातल्या आयांना वाटे, बाई देवाचं नाव घेतात. चहा तसाच राही. इतक्या वर्षांत त्यांना तो पूर्ण पिताना मी पाहिलं नाही.

मीही ग्लास दोन्ही हातांत धरून बसलो. हळूहळू तळवे चांगले तापले. समोर रिकामं बाकडं होतं. गाडी लागल्याचं कुणीतरी ओरडलं, तेव्हा चहा तसाच ठेवून उठलो.