दत्ताभाऊंचा अर्धा कप

"ईसीजी नॉर्मल आहे, मॅडम," सिस्टर म्हणाली. "पण पेशंट घामानं निथळतोय. बाहेर ही गर्दी. सगळे म्हणतायत, अटॅक आला."

"अटॅक आला की आम्ही सांगू म्हणावं. शुगर बघ आधी," ड्यूटी डॉक्टर म्हणाल्या.

शुगर चांगलीच खाली आली होती. त्यांनी उपचार सुरू केले. थोड्या वेळानं दत्ताभाऊंच्या चेहऱ्यावर रंग आला, हातांची थरथर थांबली. शेजारी त्यांच्या पत्नी सुमनताई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

मी आहारतज्ज्ञ आहे. बीडमधल्या एका खासगी हॉस्पिटलात नोकरी करते. पेशंट मला 'डायटवाल्या मॅडम' म्हणतात आणि शक्यतो माझ्या केबिनसमोरून जाणं टाळतात. दत्ताभाऊ हे त्यांचं खरं नाव नाही. धारूरच्या बाजूचे मोठे बागायतदार, राजकारणातलं जुनं घर, आणि त्या वर्षी जिल्हा परिषदेच्या निवडणुकीच्या तयारीत. अंगानं चांगलेच आडवे. गुडघे बोलायला लागले, शुगर वाढली, झोपेत श्वास अडकायला लागला, तेव्हा आमच्या सर्जन सरांनी त्यांचं वजन कमी करायचं ऑपरेशन केलं. सर संभाजीनगरचे. ऑपरेशन तिकडं करतात, पुढची तपासणी आमच्याकडं.

हे ऑपरेशन म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. जठराचा अगदी लहान भाग कामाला ठेवतात आणि तो थेट पुढच्या आतड्याला जोडतात. माणूस थोडंच जेवतो, वजन उतरतं. पण गोड खाल्लं की पंचाईत. साखर जठरात थांबत नाही, सरळ आतड्यात उतरते. अंगातलं पाणी तिकडं ओढलं जातं, छाती धडधडते, घाम फुटतो. याला डम्पिंग म्हणतात. तास-दोन तासांनी दुसरा फटका बसतो. शरीरानं जास्तीचं इन्सुलिन सोडलेलं असतं, त्यामुळं रक्तातली साखर धाडकन खाली येते. डोळ्यांपुढं अंधारी येते. आणि अशा वेळी शरीर काय मागतं? गोडच मागतं. ते दिलं की पुन्हा तेच चक्र.

दत्ताभाऊ उठून बसल्यावर मी खुर्ची ओढली.

"काय खाल्लं होतं?"

"काईच न्हाई, मॅडम. आईशप्पथ."

"पेढा? बर्फी? उसाचा रस?"

"ऑपरेशनपासून पेढ्याकडं बघितलं न्हाई मी. हिला विचारा."

सुमनताईंनी मान हलवली. "घरात साखरच न्हाई, मॅडम. कारखान्यानं सभासदाची साखर दिली दिवाळीला, ते पोतं मी भावकीत वाटून टाकलं. लेकरंसुदिक बिनसाखरेचं दूध पितेत."

मला दोघंही खोटं बोलत आहेत असं वाटेना. मी रोख बदलला. "सकाळपासून कुठं कुठं गेला होता?"

"वस्त्यांवर गेलतो. भेटीगाठी."

"आणि तिथं काय घेतलं?"

"काय घ्यायचं? चहा."

"प्रत्येक घरी?"

"घ्यावाच लागतो की. पर अर्धाच कप. गोडाचं काय न्हाई खाल्लं."

मी कपाळावर हात मारला. माझं माहेर वडवणीचं. आमच्याकडं चहा हा खाण्यात धरतच नाहीत, चहा म्हणजे रामराम. आणि वस्तीवरच्या चहात चमचा उभा राहील एवढी साखर असते. पाहुणा मोठा, तशी साखर जास्त. हा माणूस सकाळपासून अर्धा अर्धा कप करत साखरेचा पाक प्यायला होता आणि स्वतःला कडक पथ्यावर समजत होता.

"नको म्हणायचं," मी म्हणाले.

दत्ताभाऊंनी माझ्याकडं दयेनं बघितलं. "मॅडम, आमच्या घरात जमीन, पुढारपण. मी धनगरवस्तीवर जातो. तिथं चहा नको म्हणलं की काय अर्थ होतो माहितीय? आमच्या घरचं चालत न्हाई ह्यान्ला, असा होतो. मग कायमचं तोंड फिरवतेत."

"ऑपरेशनचं सांगा."

"ते न्हाई. लोकान्ला पित्ताचं ऑपरेशन सांगितलंय. पोट कापून घेतलं असं कळलं तर समोरची पार्टी गावभर करील, भाऊ आजारी हाय, भाऊ काय टिकत न्हाई."

शनिवारी सर आले. मी सगळं सांगितलं. सर फाईल बघत म्हणाले, "विल पॉवर नाही त्याच्यात. स्ट्रिक्टली सांगा, नाही म्हण."

"सर, हा माणूस घरी साखरेला शिवत नाही. विल पॉवर भरपूर आहे."

"मग सांगायला काय हरकत आहे? साधी गोष्ट आहे."

"तुम्ही कधी वस्तीवर मतं मागायला गेलायत का, सर?"

सरांनी घड्याळ बघितलं आणि पुढचा पेशंट बोलावला.

दत्ताभाऊंनी मग स्वतःच युक्ती काढली. मला न विचारता. घरोघरी सांगायला लागले, उपास हाय, चहा घेत न्हाई. आता आपल्याकडं उपास म्हटलं की काय होतं ते सांगायला नको. एका घरात राजगिऱ्याचा लाडू पुढं आला. दुसऱ्यानं गुळाचा शेंगदाणा लाडू दिला. तिसऱ्या घरात साखर घालून आटवलेलं दूध, वर केळं. उपासाच्या माणसाला उपाशी पाठवायचं पाप कोण घेणार? नको म्हणता येईना, भाऊंनी सगळं थोडं थोडं खाल्लं.

परतताना धारूरच्या घाटात त्यांना अंधारी आली. गाडी स्वतः चालवत होते. नशीब, कशीबशी बाजूला घेता आली. सुमनताई शेजारी होत्या. त्यांनी तिथूनच मला फोन लावला. मी सांगितलं, शुद्धीवर असतील, गिळता येत असेल तर ग्लुकोज द्या, आणि गाडीला हात लावू देऊ नका. दत्ताभाऊंच्या भावाला बोलावून ते दोघं सरळ आमच्याकडं आले.

त्या दिवशी माझा पारा चढला. "दत्ताभाऊ, गाडी दरीत गेली असती तर सीट कुणी लढवली असती? आजपासून स्टेअरिंग बंद. आणि हे उपास-बिपास बंद. मी सांगते तसं करायचं, नाहीतर दुसरा डॉक्टर बघा."

"तुमी डॉक्टर कुठं हायत?" ते हसायला गेले.

सुमनताई पहिल्यांदा मोठ्यानं बोलल्या. "गप बसा. मी मेले असते तुमच्यासंगं. त्या म्हणतेत तसंच करायचं."

भाऊ हळूच म्हणाले, "मला जगायचंय, मॅडम. सांगा काय करू."

मग कामाला लागलो. गोडाची ओढ ही नुसती जिभेची नाही, पोट रिकामं राहिल्याचीही असते, हे आधी त्यांच्या डोक्यात घातलं. भाऊ सकाळी काही न खाता निघायचे आणि दुपारपर्यंत चहावर चालायचे. आता निघायच्या आधी दोन अंडी, नाहीतर मटकीची उसळ. थोडं थोडं, चावून चावून. गाडीत डबा ठेवायचा, त्यात पनीर, फुटाणे, उकडलेली अंडी. जेवताना पाणी नाही, नंतर अर्ध्या तासानं घोट घोट. शुगर बघायचं मशीन सोबत. ओढ आली की आधी काहीतरी खारं खायचं आणि पाय मोकळे करायचे. ती लाट असते, थोड्या वेळानं ओसरते. सरांनी साखरेऐवजी गोड गोळ्या सुचवल्या होत्या. मी त्या नको म्हटल्या. जीभ गोडाला चटावलेलीच राहिली तर पुढचा लाडू कोण थांबवणार?

पहिला आठवडा वाईट गेला. भाऊंचं डोकं दुखायचं, ते घरात चिडचिड करायचे. एकदा मला फोन केला. "मॅडम, परळीत हाय. समोर हलवायाचं दुकान हाय. काय करू?"

"डब्यात काय आहे?"

"अंडी."

"खा."

"पेढ्यासमोर अंडं खाऊ?"

"खा, आणि फोन चालू ठेवा."

त्यांनी खाल्लं. मला चावल्याचा आवाज येत होता. मग म्हणाले, "गेली बगा ओढ. कावून असं होतं?" म्हटलं, पोटात अंडं गेलं म्हणून.

पण वस्तीचा प्रश्न तसाच होता. चहा कसा टाळायचा? सुमनताई म्हणाल्या, "तुमीच चला एकदा. तुमच्यासमोर तरी हे घ्यायचे न्हाईत." रविवारी मी गेले. भावानं गाडी चालवली. वस्तीवर मला त्यांची लांबची पाहुणी म्हणून सांगायचं ठरलं.

पहिलंच घर कोंडामावशीचं. शेळ्यामेंढ्यांचा वाडगा, पुढं सारवलेलं अंगण. म्हातारीनं वाकळ अंथरली, आत गेली. चुलीवर चहा उकळायला लागला. वासावरूनच मला साखर कळत होती. भाऊ घाम पुसत होते, अजून काही प्यायलेही नव्हते. मावशीनं बशीसकट कप पुढं केला. अंगणात वस्तीची दहा-पंधरा माणसं जमलेली. सगळी बघतायत.

भाऊंनी कप हातात घेतला. मी त्यांच्याकडं बघत राहिले. मी बोलले असते तर माझ्या शब्दानं कप खाली गेला असता, पण उद्या मी नसताना पुन्हा वर आला असता. म्हणून दात आवळून गप्प बसले.

भाऊंनी कप खाली ठेवला.

"मावशी," ते म्हणाले, "तुझ्या घरचं न्हाई असं समजू नको. माझं वजन लई झालतं. मरायला टेकलतो. पोट कापून बारीक करून घेतलंय. आता गोड पोटात गेलं की चक्कर येती. परवा घाटात गाडी दरीत जाता जाता राहिली. तुझा चहा पिऊन मेलो तर तुला चालंल का?"

मावशीनं कप उचलून शेजारच्या माणसाच्या हातात दिला.

"मंग आधी कावून सांगितलं न्हाई, बाबा?" ती म्हणाली. "आमी चहात इतकी साखर पितो का? तू यायचा म्हणून वस्तीभर वाट्या फिरवून साखर गोळा करीत होते मी. ताक हाय, ते चालतंय का?"

भाऊंनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. मीठ घातलेलं पातळ ताक आलं. भाऊ घोट घोट प्यायले. डोळे भरून आले होते त्यांचे, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. मी वाडग्यातल्या शेळ्या बघत बसले.

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट सगळ्या वस्त्यांवर पोचली. समोरच्या पार्टीनं 'भाऊ आजारी' असं करून बघितलं, पण जे भाऊंनीच चारचौघांत सांगितलं त्यात फोडण्यासारखं काही उरलं नव्हतं. पुढच्या महिन्यात तपासणीला आले तेव्हा शुगर जागेवर होती, चक्कर एकदाही आली नव्हती. तक्रार एकच. "मॅडम, आता जाईन तिथं ताकाचा तांब्या पुढं येतोय. पोट फुगतंय." मी अर्ध्या पेल्याची मर्यादा घालून दिली, आणि ती या वेळी त्यांनी घरोघरी स्वतः सांगितली.

निवडणूक ते थोडक्यात हरले. कारण म्हणे तिकीट वाटपाचं राजकारण, त्यात मला काही कळत नाही. वजन मात्र परत आलं नाही, आणि स्टेअरिंगही त्यांना सरांनी परत दिलं.

कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की पथ्य पेशंटला समजावून सांगावं. बीडमध्ये इतकी वर्षं काढल्यावर मी एवढं शिकले की ते पेशंटला चहा पाजणाऱ्यालाही सांगावं लागतं. आता नवीन पेशंट आला की वजन-उंचीच्या आधी मी विचारते, तुम्ही कुणाकुणाच्या घरी जाता?