एम.ए. जपानी, राहणार सिंदी मेघे

आमच्याकडे पोरीबद्दल दोनच प्रश्न असतात: बी.एड. झालं का, आणि जमलं का. माझं दोन्ही झालेलं नव्हतं. मी जपानी भाषेत एम.ए. केलं. हे सिंदी मेघ्यात कोणाला सांगितलं की समोरचा हमखास म्हणणार, "बोलून दाखव बरं." सुरुवातीला मी दाखवायचीसुद्धा. लोक हसायचे, लहान पोरं चेकाळायची, आणि मग एखादी काकू मायेनं विचारायची, "ते सगळं ठीक आहे बाई, पण पुढे काय?" पुढे काय म्हणजे पोटाचं काय.

पोटाचं चांगलं चाललं होतं. मी घरूनच भाषांतराचं काम करायची. कारखान्यांत जपानी यंत्रं येतात, त्यांच्यासोबत माहितीची जाडजूड पुस्तकं येतात, ती मी इंग्रजीत आणि हिंदीत आणायची. कोणता बोल्ट किती आवळायचा, कोणतं झाकण उघडं असताना बटण दाबायचं नाही. तिथे एक वाक्य चुकलं तर कोणाचा तरी हात जातो. तिकडची ऑफिसं आपल्या आधी उघडतात, म्हणून दिवस उजाडायच्या आत मी लॅपटॉप लावून बसलेली असायची. पण गल्लीच्या लेखी मी रिकामटेकडी. कोणाचं पार्सल घे, कोणाच्या पोराला ऑटोपर्यंत सोड. "तू तं घरीच राह्यते ना वं." असं डोकं सणकायचं माझं की काय सांगू.

त्यात पुण्याजवळच्या एका कारखान्यातून बोलावणं आलं. दुभाषी म्हणून. जपानी इंजिनीअर आणि आपले कामगार यांच्यामध्ये उभं राहून दिवसभर दोघांना बोलतं करायचं. मी ज्यासाठी शिकले ते हेच काम. आठवड्याभरात रुजू व्हायचं होतं.

बाबा सिंदी रेल्वे या गावातल्या एका जिनिंग कारखान्यात सुपरवायझर. कापूस हातात घेऊन त्याची प्रत सांगतील, पण मी काय करते ते त्यांना कोणाला सांगता यायचं नाही. ते म्हणाले, "जाजो ना. पण आधी रविवारच्या मेळाव्याले येजो. तिथं जमलं तं मग पुण्या-बिण्याची गरजच नाई."

म्हणजे जाण्याची परवानगी कशावर अडकली होती ते उघड होतं. मीही हट्टाला पेटले. म्हटलं, येते.

मेळावा म्हणजे समाजाचा उपवर-वधू परिचय मेळावा. वर्ध्यातलं मंगल कार्यालय, स्टेजवर माइक, समोर खुर्च्यांवर दोन्हीकडची मायबाप मंडळी. पोरापोरींनी एकेक करून वर जायचं, शिक्षण, नोकरी, मामेकुळ सांगायचं आणि शेवटी अपेक्षा. पोरी म्हणत होत्या, निर्व्यसनी आणि नोकरीवाला. पोरं म्हणत होती, समजूतदार. लग्नाच्या बाजारात सगळ्यांची बोली पाठ.

माझा नंबर आला. बाबांनी सूत्रसंचालकाच्या कानात आधीच काहीतरी सांगून ठेवलं होतं, कारण मी तोंड उघडायच्या आधीच तो म्हणाला, "मुलगी एम.ए. असून बी.एड. करत आहे. शिक्षकी पेशाची आवड आहे."

मी माइक त्याच्या हातातून घेतला. म्हटलं, "बी.एड. करत नाही. आवडही नाही. मी जपानी शिकली आहे आणि त्याच कामाचा पगार घेते."

समोर कुजबुज झाली. पहिल्या रांगेतले फेटेवाले एक काकाजी उठले आणि हसत म्हणाले, "जपानी? मंग दोन शब्द बोलून दाखव ना बाई."

बस्स. इतक्या वर्षांचं साचलेलं तिथेच बाहेर आलं. "काकाजी, आताच एक डॉक्टर मुलगा इथे उभा होता. त्याले कोणी ऑपरेशन करून दाखव म्हटलं का? मले काऊन म्हणता?"

काकाजी फेटा सावरत खाली बसले. आता सुरू झालंच आहे तर होऊन जाऊ द्या म्हणून मी पुढे बोलले. माझी वसतिगृहातली मैत्रीण भाषाशास्त्र शिकली, ती कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे त्यांच्या वस्तीवर जाऊन लेकरांसाठी त्यांच्याच बोलीत पहिलीची पुस्तकं करते. ज्या मोबाइलशी तुम्ही मराठीत बोलता त्याला मराठी शिकवणारेही भाषाच शिकलेले असतात. भाषा शिकणाऱ्याला एकच दार असतं आणि त्याच्यावर बी.एड. लिहिलेलं असतं, हे कोणी ठरवलं? सूत्रसंचालक घाम पुसत म्हणाला, "अपेक्षा सांगा, अपेक्षा." मी म्हटलं, "मी पुण्याला चालली. ज्याले चालन, त्यानं विचारावं."

 घरी पोचलो आणि त्यांचा फोन वाजला. मेळाव्यातलीच पार्टी, खानदानी, स्वतःची शिक्षणसंस्था. बाबांनी स्पीकर लावला. तिकडून मुलाच्या वडिलांचा गोड आवाज आला, "पोरगी तेज आहे, आम्हाले पसंत आहे. पुण्याचं सोडून द्या. बी.एड. करून घेऊ, आपल्याच शाळेत लावून देऊ. घरच्या घरी नोकरी."

बाबांचा चेहरा उजळला. त्यांनी फोनवर हात धरला आणि माझ्याकडे पाहिलं. असं स्थळ चालून आलं की बापाचं काय होतं ते मला कळत होतं. मला वाईटही वाटलं. तरी मी हात पुढे केला, आणि त्यांनी फोन दिला.

"काकाजी, नोकरी मले आहे. तुमच्या मुलाले पुण्यात पाहिजे असन तं सांगजा, आमच्या कारखान्यात विचारून पाहीन."

फोन कटला. बाबा म्हणाले, "काऊन असं बोलली?"

"तुम्ही काऊन बी.एड. सांगितलं?"

त्यांनी माझ्या हातातून फोन परत घेतला. मग म्हणाले, "लोक विचारते, पोरगी काय करते. मले सांगता येत नाई. बी.एड. म्हटलं का लोकांले समजते, अन् चूप बसते."

माझा राग उतरला नाही. पण तो कोणावर आहे ते मला नीट कळेना. मी बॅग भरायला घेतली.

दोन दिवसांनी संध्याकाळी पुण्याच्या ट्रॅव्हल्ससाठी आम्ही चौकात उभे होतो. बाबा बॅग धरून होते. शेजारी एक ओळखीचा माणूस आला, म्हणाला, "काय भाऊ, पोरगी कुठं, शिकाले चालली का?"

"नाई," बाबा म्हणाले. "कामावर चालली."

"कायचं काम?"

मी बाबांकडे पाहिलं. ते बॅग खाली ठेवून म्हणाले, "ते तिलेच विचारा. मले सांगता नाई येत. तिले येते."